साडू आणि सांडपाणी

माझ्या थोरल्या साडूंइतका हुज्जतीचा शौकीन माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसावा, आणि असलाच तर त्या दोघांची गाठ अजून पडलेली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो; पडली असती तर ती हुज्जत अजून चालू असती आणि तुमच्या कानावर आली असती. कुणाला पानाचा शौक असतो, कुणाला पत्त्यांचा, तसा त्यांना हुज्जतीचा. सकाळी दूधवाल्यापासून ती सुरू व्हायची. दूध पातळ आहे असं ते म्हणायचे, दूधवाला नाही म्हणायचा, आणि एखाद्या दिवशी कंटाळून त्यानं 'हो साहेब, आज जरा पातळ हाय' असं कबूल केलं, तर 'एवढं काही पातळ न्हाई' म्हणून ते त्याचीच बाजू त्याच्यासमोर मांडायला लागायचे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असल्यामुळं ते मला गुरुजी म्हणतात. चौथीपर्यंतच शिकवणाऱ्या माणसाला गुरुजी म्हणावं की नुसतं मास्तर, यावर आमचं एक अख्खं रविवारचं दुपारचं जेवण गार झालेलं आहे. गुरुजी म्हणावं असं ते म्हणत होते, म्हणू नये असं मी.

दाजी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आमच्या तालुक्याच्या बसस्थानकावर खिडकीमागं बसायचं, गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते भोंग्यावरून सांगायचं, असं ते काम. हुज्जतीची आवड असलेल्या माणसाच्या हातात सरकारनं भोंगा द्यावा, याला मी तरी योगायोग मानत नाही. 'पूर्णा गाडीचे चालक, तुमी चहा प्यायलात ते आमाला दिसायलंय' अशी घोषणा आमच्या स्थानकावर रोजची होती, आणि चालकानं टपरीवरून हातवारे करून काही उत्तर दिलं, की त्याचं प्रत्युत्तरही भोंग्यावरूनच निघायचं. प्रवाशांना निम्मीच बाजू ऐकू यायची, पण तेवढ्यावरही माणसं गाडी सोडून थांबत. एकदा एका गृहस्थानं गंगाखेडची गाडी कधी आहे एवढंच विचारलं. दाजींनी आधी काम काय ते विचारलं. भाच्यासाठी मुलगी बघायची आहे म्हटल्यावर, ऐन सुगीत कोण घरी असतं, मुलीचा बाप रानात असणार, तुम्ही कुलपाला बघून येणार का, असा मुद्दा काढला. गृहस्थही मागं हटणारा नव्हता. दोघांचं चांगलं रंगात आलं आणि मागच्या फलाटावरून गंगाखेडची गाडी निघून गेली. मग दाजींनी त्याला आत घेतलं, आपल्या डब्यातली भाकरी दिली, पुढच्या गाडीत खिडकीजवळ स्वतः नेऊन बसवलं. मुलीचा बाप खरोखरच रानात गेलेला होता. भाच्याचं लग्न मात्र पुढं तिथंच झालं आणि पहिली पत्रिका बसस्थानकाच्या खिडकीत आली.

माझं स्वतःचं लग्नही या शौकातून सुटलं नाही. माझी सासुरवाडी चुडाव्याची. बोलणी करायला आम्ही गेलो, तर अर्ध्या तासात सगळं जुळलं. मुलगा पसंत, मुलगी पसंत, देण्याघेण्याचा प्रश्न नाही, विहारात साधंसं लग्न करायचं यावर दोन्हीकडचे राजी. आता चहा येणार, एवढ्यात दाजी, जे त्या घरचे मोठे जावई म्हणून कोपऱ्यात मानानं बसले होते, ते अस्वस्थ झाले. कुणीच काही हरकत घेत नाही, हे त्यांना बघवेना. मुलगा शिक्षक म्हणजे बदलीचा माणूस, आज इथं तर उद्या जिंतूरच्या डोंगरात, असं त्यांनी काढलं. माझ्या चुलत्यांनी उत्तर दिलं, त्यावर दाजींनी दुसरं काढलं, आणि बघता बघता माझ्या होणाऱ्या सासूबाईंचा चेहरा उतरला. चहा आतच थांबला. आता हे मोडतंय असं दिसल्याबरोबर दाजींनी उठून बाजू बदलली आणि बदलीचं एवढं भ्यायला काय झालं, माझी न्हाई का झाली, तुमची पोरगी न्हाई का राहिली माझ्यासंगं, असं आपल्याच सासऱ्यांना सुनावलं. अशा रीतीनं माझं लग्न एकाच बैठकीत दाजींनी मोडलं आणि दाजींनीच जमवलं.

पण त्यांच्या हुज्जतीला एक रीत होती, आणि ती त्यांनी कधी सोडलेली मी पाहिली नाही. समोरच्याची जात, गरिबी आणि त्याच्या घरातलं गेलेलं माणूस, ही तीन दारं ते उघडत नसत. उपाशी माणसाशी ते भांडत नसत. आधी खाऊ घालत आणि मग तोंड उघडत. आणि ज्याच्याशी काल कडाक्याची झाली, त्याच्याकडं आज सकाळी ते तब्येतीची चौकशी करायला हटकून जात. त्यामुळं गावात त्यांच्याशी भांडलेली माणसं शेकड्यानं सापडतील, रागावलेला माणूस सापडायचा नाही. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, याला 'यांचा व्यायाम' म्हणतात.

निवृत्त झाल्यावर हा व्यायाम थोडा कमी पडायला लागला होता. आमची वसाहत गावाबाहेर, माळाच्या उतारावर. अगदी वर दाजींचं घर, आणि उतारानं खाली खाली येत शेवटी आमची गल्ली. तिला सगळे खालची गल्ली म्हणतात. आमच्या गल्लीच्या टोकाला गयाबाई एकट्या राहतात. त्यांच्या अंगणात जुना आड आहे, आणि उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागलं, की निम्मी गल्ली त्या आडावर जगते. त्याचं पाणी गोड आहे, आणि गयाबाईंनी आजवर कुणाला दोर सोडू नको म्हटलेलं नाही.

तर एका हिवाळ्यात आमच्या वसाहतीच्या वरच्या बाजूला, जिथं परवापरवापर्यंत हरभरा उभा होता, तिथं मोठा फलक लागला. फलकावर उंच इमारती, हिरवळ आणि मधोमध एक कारंजं. बाहेरगावच्या एका बिल्डरनं ती जमीन घेतली होती. तरुण, अंगानं जरा सुटलेला, बोलायला मऊ असा माणूस. त्याला सगळे शेठ म्हणू लागले. फलकाचं आम्हाला काही वाटलं नाही, उलट आमच्या घरांना भाव येईल म्हणून बरंच वाटलं. मग एक दिवस दोन माणसं पांढऱ्या फक्कीनं रेघ मारत उतरताना दिसली. रेघ शेठच्या जागेतून निघाली, आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळली आणि गयाबाईंच्या आडाजवळून पुढच्या ओढ्याकडं गेली. हे काय, असं विचारल्यावर, वरच्या सगळ्या नव्या घरांचं सांडपाणी इथून जाणार, असं त्यांनी सरळ सांगितलं. आमच्या गल्लीत पावसाळ्यात नुसतं आभाळाचं पाणी उंबऱ्याला लागतं. त्यात आता इमारतींच्या न्हाण्या आणि संडास उतरणार होते.

त्या रविवारी विहारात बैठक झाली. खालची गल्ली झाडून सारी हजर होती, मधल्या गल्लीतले देशपांडे सर आले होते, वरच्या गल्लीतून एकटे दाजी. एकेकानं उठून विरोध केला. सगळ्यांचं एकमत झालेलं पाहून मी धसकून दाजींकडं बघितलं. ते उठले आणि म्हणाले की शेठनं तरी काय करावं, पाणी उताराकडंच जाणार, तुमी खाली घरं बांधली तवा तुमाला उतार दिसला न्हाई का. विहारात एकच गलका झाला. माझी बायको बायकांच्या रांगेतून उठून सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला फैलावर घेऊ लागली. दाजींनी शेठची बाजू पुढं तासभर अशी लढवली, की शेठच्या वकिलालाही तसं जमलं नसतं. आणि लोकांनीही एकेक मुद्दा असा खोडून काढला, की आपल्याकडं एवढे मुद्दे आहेत हे आम्हाला त्या दिवशीच कळलं. शेवटी गयाबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, 'साहेब, मंग मी पाणी कुठलं पिऊ?'  हे मात्र बरोबर आहे, असं दाजी म्हणाले आणि खाली बसले. बैठक संपली तेव्हा ते आमच्या विरोध समितीचे अध्यक्ष होते. त्यांचं घर सगळ्यांत वर, त्यांच्या उंबऱ्याला थेंबही लागणार नव्हता, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दाजी रोज सकाळी शेठच्या कामावरच्या पत्र्याच्या ऑफिसात जाऊ लागले. सांडपाण्याचा विषय ते लगेच काढत नसत. आधी फलकावरचं कारंजं. आमाला नळ आठवड्याला, तुमच्या कारंज्याला पाणी कुठलं? मग इमारतीचा रंग, मग जिन्याची रुंदी, मग शेठच्या पोटाचा घेर आणि त्याला सकाळी चालण्याची गरज. शेठ पहिल्यांदा वैतागला, मग हसू लागला, मग दाजींसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा करून ठेवू लागला. एकदा दाजी डोळे तपासायला परभणीला गेले, तर दुपारी शेठचा माणूस घरी विचारायला आला की कंट्रोलर साहेब आजारी तर नाहीत ना. आमच्या समितीतल्या काहींना ही मैत्री संशयास्पद वाटायला लागली. दाजींना ते कळलं तेव्हा त्यांनी संशय घेणाऱ्यांच्या घरी जाऊन, संशय घेण्याचा त्यांना कसा पूर्ण हक्क आहे, यावर त्यांच्याशीच वाद घातला.

एवढं करूनही रेघ हलली नाही. नगरपालिकेत निवेदन दिलं, ते कुठल्याशा टेबलावर जाऊन बसलं. मग तरुण मंडळींनी उपोषणाचं काढलं. पालिकेच्या ओट्यावर मांडव टाकायचा, साखळी उपोषण करायचं. दाजींनी कडाडून विरोध केला. 'उपाशी माणसाची लोकांला कीव येती, त्याचं ऐकून कोणी घेत न्हाई,' ते म्हणाले. 'आपण तिथं जेवायला बसू.'

आणि आम्ही जेवायला बसलो. रोज दुपारी खालची गल्ली डबे घेऊन पालिकेच्या ओट्यावर पंगत मांडायची. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाजी हात धरून बसवत आणि दुसऱ्या घासाला सांडपाण्याचा विषय काढत. पिठल्याचा वास आत टेबलापर्यंत जाई. आधी शिपाई आले, मग कारकून आले, आणि आपले डबे उघडून आमच्यातच बसायला लागले. आम्हाला उठवायला एक हवालदार पाठवला होता. तो पूर्ण्याकडचा, म्हणजे आमच्या सासुरवाडीच्या बाजूचा निघाला, आणि ठेचा खाऊन त्याला इतका ठसका लागला की त्याची पाठ चोळण्यातच त्याची ड्यूटी संपली. शेवटी एका दुपारी मुख्याधिकारी स्वतः बाहेर आले. लांबच्या जिल्ह्यातले, एकटे राहणारे, खाणावळीचं जेवण जेवणारे पोरगेले साहेब. दाजींनी त्यांना वाढलं. साहेबांनी अर्धी भाकरी मान खाली घालून खाल्ली आणि हात धुता धुता, जागेवर येऊन बघतो, बिल्डरलाही बोलावतो, असं सांगून गेले.

पाहणीच्या दिवशी सगळी वसाहत गोळा झाली. शेठ आला, त्याच्याबरोबर नकाशे तयार करणाऱ्या इंजिनिअर मॅडम आल्या. वयानं लहान, पण बोलणं ठाम. त्यांनी उतार कसा आहे, पाणी इकडंच का आणावं लागतं, ते समजावून सांगितलं. दाजींनी आपल्या ठेवणीतली एकेक युक्ती बाहेर काढली. पाणी वळवून घेता येईल, उलटं चढवता येईल, माणूस चंद्रावर गेला मग नळीभर पाण्याची काय कथा. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'काका, पाणी हुज्जत घालत नाही हो.' 

तेवढ्यात गयाबाई कळशी आणि पेले घेऊन आल्या. ऊन बरंच झालं होतं. त्यांनी आडाचं पाणी आधी मॅडमना दिलं, मग साहेबांना, मग शेठला. शेठ तहानलेला होता, एका दमात प्याला आणि पाणी चांगलं आहे म्हणाला. गयाबाईंनी त्याचा पेला परत भरला. 'आत्ता पिऊन घ्या,' त्या म्हणाल्या. 'पुढल्या साली आलात तर मला देता येयचं न्हाई.' त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पाहुण्याला अडचण सांगावी तसं सांगितलं. शेठ तो भरलेला पेला हातात धरून उभा राहिला.

मॅडमनी नकाशा पुन्हा उघडला. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या की एक दुसरी वाट आहे. शेठनं आपल्याच जागेत पाणी साफ करायची टाकी बांधायची, आणि खाली न येता माळाच्या माथ्यावरूनच पूर्वेला नळी न्यायची. तिकडं उतार दुसऱ्या बाजूला आहे आणि गावाची मोठी गटारलाईनही तिकडूनच जाते. काम वाढेल, पण होईल. शेठनं सुस्कारा टाकला आणि मान हलवली. फक्त मध्ये एका घराचं अंगण आडवं येतं, मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी बोट दाखवलं. ते अंगण दाजींचं होतं.

 त्या अंगणात कडेला ताईंनी लावलेला शेवगा होता. मुलीच्या जन्माच्या साली लावलेला, आता घराच्या वर गेलेला. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तरी तिच्याकडं दर साली शेंगांची पिशवी जायची. नळी नेमकी त्याच्या मुळातून जाणार होती. त्याच्याखाली दाजींची बाज असायची. आम्ही वाट बघत होतो. आता केवढी हुज्जत होणार, या कल्पनेनं देशपांडे सरांनी तर सावली बघून बूड टेकलं. दाजींनी कुंपणापलीकडं उभ्या असलेल्या ताईंकडं पाहिलं, आणि त्यांनी विचारायच्या आधीच ताई म्हणाल्या, 'माझ्याकडं काय बघता? खालच्या गल्लीत माझी बहीण राहती.'

'मंजूर,' दाजी म्हणाले.

मॅडमना वाटलं त्यांना नीट समजलं नाही, म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या. शेठ भरपाईचं बोलू लागला. दाजींनी हात वर करून दोघांना थांबवलं. भरपाई नको, पण एक अट आहे, असं म्हणाले. नळी नीट खोल घालायची, आणि अंगणात काम चालू असेल तोवर शेठनं रोज चहाला यायचं, कारण घरात खोदकाम चालू असताना भांडायला माणूस लागतो.

शेठ खरोखरच रोज आला. शेवगा तोडला त्या दिवशी मात्र दाजी घरी नव्हते. सकाळीच कुठल्याशा गाडीत बसून गेले आणि दिवस मावळताना परत आले. कुठं गेला होता म्हणून ताईंनी विचारलं नाही. पुढच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत नेहमीचंच पाणी आलं, आभाळाचं, आणि नेहमीसारखं ओसरून गेलं. गयाबाईंचा आड तसाच गोड आहे. शेठच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यात माणसं राहायला आली. कारंजं झालं नाही, आणि ते का झालं नाही याबद्दल दाजी शेठला पुढं कितीतरी दिवस फोन करत.

आता फोन बंद झालेत. इतकी वर्षं गाड्यांचे हॉर्न आणि तो भोंगा ऐकून दाजींचे कान गेलेत. यंत्र आणलं आहे, पण त्यात सगळं एकदमच ऐकू येतं म्हणून ते लावत नाहीत. बहिरा माणूस हुज्जत घालू शकत नाही. समोरचा काय म्हणाला ते कळावं लागतं. परवा ताईंचा माझ्या बायकोला फोन आला. भाजीवालीनं किडकी वांगी दिली तरी हे मुकाट्यानं घेऊन आले, म्हणाल्या, तुझ्या मालकाला जरा पाठव.

मी गेलो. दाजी अंगणात बाजेवर बसले होते, उन्हातच, कारण आता तिथं सावली नाही. नळीवरच्या मातीत चांगलं गवत आलंय. इकडचं तिकडचं झाल्यावर मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणालो की दाजी, तुमी त्या दिवशी मंजूर म्हणायला घाई केली, जरा भांडला असतात तर शेवगा वाचला असता. आत स्वयंपाकघरात ताईंच्या भाकरीचा आवाज थांबला. दाजींनी मला पुन्हा बोलायला लावलं. मी पुन्हा बोललो.  मग ते हसले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, 'असंल, गुरुजी. तुमचं बरोबर असंल.'

त्यांना ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं आणि खरंच तसं वाटत होतं, हे मला कळलं नाही. मी आणखी दोन-चार धडधडीत चुकीच्या गोष्टी बोलून पाहिल्या. ते प्रत्येकीला मान डोलवत गेले. भाकर खाऊन मी निघालो, आणि वरच्या गल्लीपासून खालच्या गल्लीपर्यंत त्यांच्या वतीनं स्वतःशीच भांडत आलो. घर आलं तेव्हा मी हरलो होतो.